मागे ठेवलेलं एक

ठिगळराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव चांगलं चारचौघांसारखं आहे, पण ते आता दारावरच्या पाटीपुरतं आणि विजेच्या बिलापुरतं उरलंय. इमारतीच्या सभेत एकदा कुणीतरी सहज विचारलं, "तुम्ही कामावर नेमकं करता काय हो?" गृहस्थ भाबडे. म्हणाले, "मशीनला पॅच लावतो." आता पॅच म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न येणारच होता. त्यांनी छताकडे बघत शब्द शोधला आणि म्हणाले, "पॅच म्हणजे... ठिगळ." झालं. सभेत हशा पिकला, त्यात सगळ्यात मोठ्यांदा त्यांची बायको हसली, आणि माणूस जिन्यावरून वर गेला तो ठिगळराव होऊनच.

नाव चेष्टेतलं, पण कामाला अगदी बेतून शिवल्यासारखं. एका बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयाचा संगणक ते सांभाळायचे. बोलकी पुस्तकं म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी मोठ्यानं वाचून ठेवलेली. ऐकणाऱ्यानं फोन लावायचा, पुस्तकाचा आकडा दाबायचा आणि कान देऊन बसायचं. वाचणारे हौशी बारा जण, ऐकणारे शेकड्यांनी, आणि या दोघांच्या मधे एक करडं खोकं, जे एकेकाळच्या केरसुण्या-बादल्यांच्या खोलीत घुमत बसलेलं असायचं. त्या खोक्यात संगणक चालवणारी, युनिक्सच्या घराण्यातली एक सिस्टीम होती. फुकट मिळणारी, पण फुकटात सांभाळली न जाणारी.

ठिगळराव समजावून सांगायला लागले की थांबायचे नाहीत. "बघा, कुठलाही प्रोग्रॅम माणसानं लिहिलेला, म्हणजे त्यात भोकं असणारच. जगात कुणालातरी भोक दिसतं, दुसरा कुणीतरी ठिगळ बनवतो आणि आपल्या दारात आणून टाकतो. पण शिवायचं आपण! आणि गंमत अशी, की ठिगळ आलं ही दवंडी चोरालाही ऐकू जाते. म्हणजे त्यालाही कळलं भोक कुठंय. मग आधी सुई कुणाची पोचते, यावर सगळा खेळ."

सुई गुरुवारी दुपारी दोनला पोचायची. डबा खाऊन, हात धुऊन, चष्मा पुसून ठिगळराव त्या खोलीत शिरायचे आणि हुकूम टाकायचे. पडद्यावर ओळींची रांग धावायची आणि शेवटी मशीन आपला जमाखर्च सांगायचं: इतके प्रोग्रॅम नवे केले, इतके वाढवले, इतके काढले, इतके मागे ठेवले. मग वहीत तारीख टाकून "लावलं" असं लिहायचं, की आठवडा सुटला. एकदा म्हणे सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं होतं, तेही गुरुवारी दोनला. सासऱ्यांना साडेतीनची वेळ घ्यावी लागली. "नियम म्हणजे नियम," हे वाक्य त्यांनी वाचनालयात इतक्यांदा ऐकवलं होतं की झाडूवालीसुद्धा बादली आपटताना ते म्हणायची.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. न्हाणीघराचा नळ तीन वर्षं गळत होता. बायको म्हणायची, "जगाच्या भोकांना ठिगळं लावतात आणि आमच्या नळाला साधा वायसर मिळत नाही."

या बारा वाचणाऱ्यांत एक होत्या टायपिस्टमावशी. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. चौतीस वर्षं एका कचेरीत टंकलेखन करून निवृत्त झालेल्या, नात्यानं कुणाच्याच मावशी नाहीत आणि म्हणून सगळ्यांच्याच. आवाज गोड होता म्हणावं तर तसं नाही. पण त्यांच्या वाचनात स्वल्पविराम ऐकू यायचा. शिवाय जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर सुधारलेला, त्यामुळे वाचता वाचता मधेच थांबून म्हणायच्या, "इथे लेखक चुकलाय. आधीच्या प्रकरणात हिचे डोळे घारे होते. असो, मी आपली वाचते." हे ध्वनिमुद्रणात तसंच राहायचं. काढून टाका म्हणून वाचनालयाच्या अध्यक्षांनी दोनदा पत्र दिलं, आणि ऐकणाऱ्यांनी तिसऱ्यांदा दिलं, की हात लावाल तर खबरदार. बाजारपेठेतला मालिशवाला तर म्हणायचा, "मावशी कुणावर तरी रागावल्याशिवाय मला झोपच येत नाही."

नऊ वर्षांत मावशींनी अडतीस पुस्तकं वाचली. घरीच वाचायच्या, संगणकावर साठवायच्या आणि वाचनालयाच्या मशीनकडे पाठवून द्यायच्या. त्यांचा संगणक जुनापुराणा, जागा टीचभर. एक प्रकरण पोचलं की घरचं पुसून टाकायच्या. ठिगळरावांनी एकदा सुचवलं होतं, की एक प्रत घरी असू द्या. मावशी म्हणाल्या, "तुझ्याकडे आहे ना? मग माझ्याकडे कशाला?"

हे वाक्य नंतर ठिगळरावांना फार छळणार होतं.

घडलं ते असं. मशीनमधे एक प्रोग्रॅम होता, बाहेरून आलेल्या फायली तपासून आत घेणारा. ठिगळराव त्याला दरवान म्हणायचे. एका गुरुवारी दरवानाची नवी आवृत्ती आली, त्यांनी ती बसवली, वहीत "लावलं" लिहिलं. शुक्रवारी सकाळी मावशींचा फोन.

"अरे, तुझा दरवान मला आत घेत नाही."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, तुमचं कुलूप जुन्या पद्धतीचं आहे. मी म्हटलं, मेल्या, मी अख्खीच जुन्या पद्धतीची आहे. ऐकत नाही. माझी शेवटची चार प्रकरणं राहिलीत रे, आणि या आठवड्यात घसा चांगला लागलाय."

दोष दरवानाचा नव्हता, मावशींच्या खोक्याचा होता. ते बदलायलाच हवं होतं, आणि त्यांचा भाचा नवीन घेऊन येणारही होता. पण घसा आज लागलाय म्हटल्यावर माणूस काय करेल? ठिगळरावांनी जुना दरवान परत उभा केला आणि मशीनला एक छोटा हुकूम दिला: होल्ड. म्हणजे बाकी सगळ्यांना ठिगळं लाव, याला हात लावू नकोस. मिनिटभराचं काम.

"झालं, मावशी. पाठवा."

"काय केलंस?"

"काही नाही हो. किरकोळ."

खरं का नाही सांगितलं? एक तर उपकार केल्यासारखं दिसलं असतं. आणि दुसरं, नियम म्हणजे नियम म्हणणाऱ्यानं नियम मोडला होता, तोही दारामागून. असल्या गोष्टी माणूस स्वतःच्या वहीतसुद्धा लिहीत नाही. त्यांनीही लिहिली नाही.

पंधरा दिवसांत मावशींचं नवीन मशीन आलं. जोडून द्यायला ठिगळराव स्वतः गेले. नवी कुलपं, नव्या किल्ल्या, सगळं झकास. चहा झाला. जितक्या वेळात तो चहा निवला, तितक्या वेळात होल्ड काढता आला असता. पण तेव्हा ते मावशींच्या दारात होते, वाचनालयात नव्हते, आणि उद्या काढू म्हटलं की काम डोक्यावरून उतरल्यासारखं वाटतं. उद्याची हीच तर खोड आहे.

पहिल्या गुरुवारी मशीननं सांगितलं, मागे ठेवलेले: एक. ठिगळराव मनात म्हणाले, हां, मावशींचं ते, काढायचंय. पुढच्या गुरुवारी म्हणाले, हां. तिसऱ्या गुरुवारी काहीच म्हणाले नाहीत. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे हे जसं घरच्यांना दिसेनासं होतं, तसा त्यांचा डोळा त्या एकाला शून्यासारखा वाचायला लागला. असे दीडशेच्या वर गुरुवार गेले. दर गुरुवारी मशीन इमानानं सांगत राहिलं, आणि दर गुरुवारी वहीत "लावलं" पडत राहिलं.

मधल्या काळात मावशींच्या घशाचं दुखणं निघालं. आवाज बसला म्हणून दाखवायला गेल्या ते शस्त्रक्रिया होऊनच परतल्या. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला, कायमचा.

आठवडाभर समोरची खिडकी बंद होती. मग एके सकाळी उघडली आणि टकटक सुरू झाली. मावशींनी माळ्यावरचा टाइपरायटर काढून खिडकीशी मांडला होता. हातानं लिहिलेलं त्यांचं त्यांनाच वाचता येत नसे, त्यामुळे बोलणं आता टंकूनच. दूधवाल्याला चिठ्ठी टंकलेली, शेजारणीला टोमणा टंकलेला. ओळ संपताना वाजणारी घंटी गल्लीभर ऐकू यायची, आणि ती भराभर वाजायला लागली की समजायचं, कुणाची तरी खरडपट्टी चाललीय.

फक्त दुपारी चारला टकटक थांबायची. त्या वेळी मावशी वाचनालयाचा फोन लावायच्या, आपल्याच एखाद्या पुस्तकाचा आकडा दाबायच्या आणि फोन मोठ्या आवाजावर टाकून बसायच्या. खालून जाणाऱ्याला खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू यायचा, "इथे लेखक चुकलाय," आणि वर बघितलं तर मावशी मिटल्या तोंडानं मान हलवत असायच्या, की हो, चुकलाच होता.

मग तो सोमवार आला. वाचनालयात सकाळपासून तक्रारी, कुठलाही आकडा दाबा, मुकं. ठिगळराव धावत खोलीत गेले. पडद्यावर चोरांची चिठ्ठी होती. सगळ्या फायली कुलूपबंद, किल्ली हवी असेल तर पैशांचं अमुक पत्त्यावर बोला. अध्यक्षांनी बोलायचं की नाही यावर बैठक बोलावली. बैठक भरेपर्यंत तो पत्ताही बंद पडला. प्रतीची डिस्क होती, पण ती त्याच मशीनला कायम अडकवलेली. दर वेळी काढा-घाला कोण करणार? चोरांनी तिलाही सोडलं नव्हतं. कपाटात जुन्या तबकड्या होत्या, त्यात मावशी यायच्या आधीची पुस्तकं तेवढी बचावली.

बाकीचे अकरा जण हळहळले आणि म्हणाले, चला, पुन्हा वाचू. घसे शाबूत होते त्यांचे. ज्यांना पुन्हा वाचता येणार नव्हतं त्या एकट्या मावशी.

ठिगळराव त्याच दिवशी त्यांच्याकडे गेले. खुर्चीत बसले आणि हमसून रडले. मावशींनी कागद चढवला आणि चिठ्ठी टंकली: "तू रडू नकोस. चोराला कुलूप काय आणि कडी काय. तुझा काय दोष?" ती चिठ्ठी ठिगळरावांनी घडी करून खिशात ठेवली. चार दिवस दिसेल त्याला दाखवली.

गुरुवारी चोर कुठून शिरले ते बघायला बाहेरून एक तपासनीसबाई आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, नाकावर चष्मा घसरलेला. म्हणाल्या, "नेहमी करता तसंच करून दाखवा." दोन वाजले होते. ठिगळरावांनी हुकूम टाकला. ओळी धावल्या. शेवटची आली.

"हे एक काय आहे?" बाईंनी विचारलं.

"कुठलं?"

"मागे ठेवलेले: एक."

"ते... ते असतंच."

"असतंच म्हणजे?"

"म्हणजे... तसंच येतं ते."

बाईंनी दोन शब्द टाइप केले. मागे कुणाला ठेवलंय त्याचं नाव पडद्यावर आलं. दरवान. बाईंनी आवृत्ती बघितली, तारीख बघितली.

"कुणी ठेवलं?"

"मी."

"का?"

"एका बाईंचं मशीन जुनं होतं."

"कुठंय ते मशीन?"

"भंगारात. तीन वर्षं झाली."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चोर ह्याच दारानं आलेत. या भोकाचं ठिगळ दीड वर्षापूर्वी आलं होतं." मग म्हणाल्या, "मी अहवालात 'जुनी आवृत्ती चालू होती' इतकंच लिहिते. का होती, हे लिहायला आमच्या कागदात रकाना नाही."

म्हणजे ठिगळराव सुटले होते. अहवाल अध्यक्षांकडे जाणार, अध्यक्ष तो कपाटात ठेवणार, आणि जगाच्या दृष्टीनं चोर ते चोर आणि ठिगळराव ते बिचारे.

घरी आल्यावर ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले आणि गळणाऱ्या नळाकडे बघत राहिले. बायकोनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा जवळ येऊन उभी राहिली.

"अहो, असे काय बसलात? नळ दुरुस्त करणार आहात की त्याला सोबत करताय?"

त्यांनी सगळं सांगितलं.

"मावशींना सांगितलंत?"

"त्यांनी लिहून दिलंय ना, माझा काय दोष."

"त्यांना माहीत नसताना लिहिलंय ते. सर्टिफिकेट आहे काय ते?"

"अगं, सांगून आवाज परत येणार आहे का?"

"नाही येणार. पण रोज चारला त्या खिडकीत बसून चोरांना शिव्या टंकतायत. मी घंटी ऐकते ना. निम्म्या शिव्या चुकीच्या पत्त्यावर चाललेल्या मला बघवत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिशवाला काठी टेकत वाचनालयात आला, हातात एक जुनी कॅसेट. लाजत म्हणाला, "साहेब, गुन्हा केलाय. फोनवर झोपलो की बिल वाढतं, म्हणून एकदा फोनला टेपरेकॉर्डर चिकटवून मावशींना भरून घेतलं होतं. चाळीस मिनिटं आहेत. चालतील का?"

अडतीस पुस्तकांतली चाळीस मिनिटं. ठिगळरावांनी कॅसेट दोन्ही हातांनी घेतली. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं, की आज नुसती कॅसेटच द्यावी. मावशी खूश होतील. बाकीचं बघू. उद्या.

पण हा उद्या त्यांच्या ओळखीचा होता.

चारला ते मावशींकडे गेले. आधी कॅसेट लावली. खरखर झाली आणि आवाज आला. "प्रकरण सातवं." स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं जागच्या जागी. मावशी टाइपरायटरच्या कळांवर हात ठेवून ऐकत होत्या, कळा न दाबता. पाच-सात मिनिटांनी वाचणाऱ्या मावशी लेखकावर रागावल्या, आणि ते ऐकून समाधान झाल्यासारखा त्यावर चढला मालिशवाल्याचा घोरण्याचा आवाज. उरलेलं सगळं प्रकरण त्या घोरण्याच्या आडून.

मावशी हसल्या. आवाज नाही, नुसते खांदे. मग टंकलं: "माझ्या वाचनानं लोक झोपतात, हे आज पुराव्यानिशी कळलं."

आता सांगणं आणखीच अवघड. पण ठिगळरावांनी टेप बंद केला आणि सांगितलं. दरवान, होल्ड, तपासनीसबाई, सगळं, एका दमात, खाली बघत. मग एक एक कळ सावकाश पडायला लागली.

"कोणती तारीख?"

त्यांनी सांगितली.

"नवीन मशीन त्याच महिन्यात आलं."

"हो."

"तू चहा पिऊन गेलास."

"हो, मावशी."

मग सलग ओळ आली, आणि घंटी वाजली तेव्हा ठिगळराव दचकले. "तेव्हा मला सांगितलं असतंस तर पुढच्या गुरुवारी मी फोन केला असता. काढलंस का? म्हणून. मी काही विसरत नाही, हे तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. आधीच्या प्रकरणातले घारे डोळे लक्षात ठेवणारी बाई समोर होती, आणि त्यांनी गोष्ट ठेवली होती ती स्वतःच्या भरवशावर.

"माझ्यासाठी केलंस आणि मलाच नाही सांगितलंस," मावशींनी टंकलं. त्यापुढे पूर्णविराम दिला. तो जरा जोरात पडला, कागदाला भोक पडलं.

ठिगळरावांनी खिशातून ती घडी केलेली चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. ठेवून घेण्याचा त्यांना काही हक्क राहिला नव्हता. मावशींनी ती उलगडली, वाचली, रोलरवर चढवली आणि ओळ नेमकी जुळवून घेतली. मग "तुझा काय दोष?" या शब्दांवर अक्षरागणिक आडवी रेघ ठोकत गेल्या. टायपिस्टची खोडायची पद्धत ती. प्रश्नचिन्हसुद्धा सोडलं नाही. चोराचं वाक्य तसंच ठेवलं. "तू रडू नकोस" हेही तसंच ठेवलं. कागद काढून त्यांच्या हातात दिला आणि दाराकडे बघितलं, म्हणजे, जा आता.

त्यानंतर चार वाजता समोरच्या खिडकीतून फक्त टेप ऐकू येतो, सातवं प्रकरण आणि घोरणं. बाकी पुस्तकं दुसऱ्या बाई पुन्हा वाचतायत. आवाज गोड आहे. ऐकणारे म्हणतात, छान आहे, आणि पुढे काही बोलत नाहीत. ठिगळराव समोरच्या इमारतीखालून जाताना पावलं लांब टाकतात. मावशींनी त्यांना परत चहाला बोलावलेलं नाही.

मात्र गुरुवारी सव्वातीनला वाचनालयातला फोन वाजतो. पलीकडे कुणी बोलत नाही. कुणी बोलूच शकत नाही. ठिगळराव पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचतात, "मागे ठेवलेले: शून्य, मावशी." पलीकडे टाइपरायटरची घंटी एकदा वाजते आणि फोन ठेवला जातो.